थोडं जड ठेव

हिंदुराव चौगुल्यांची गाडी शेडमध्ये शिरली
तेव्हा उद्यमनगरात दुपारचा चहा फिरत होता.
लष्कराच्या लिलावातला निसान, एक-टनी,
बॉनेटवरचा जुना नंबर
हिरव्या रंगाखालून अजून डोकावणारा.
ते उतरले, डाव्या हातानं दार ढकलून.
उजवा खांदा गोठलाय.
डॉक्टर म्हणतो, गाडी सोडा.
"त्याला काय जातंय? त्याच्याकडं माशा न्हाईत."

माशा म्हणजे मधमाशा, साठ पेट्या.
जांभूळ फुललं की पाटगावच्या वर जंगलात,
सूर्यफूल आलं की शिरोळकडं,
आणि न्यायच्या त्या रात्रीच, तोंडाला जाळी लावून,
कारण रात्री माशी घरी असते.

चाकं उचलली. जुना बॉक्स खोलला,
आत ग्रीस कसलं, काकवी जळून बसलेली.
जिथं बॉक्स बसतो तिथंच चेसिसला चीर, केसाएवढी.
आठ मिलीची प्लेट लावून वेल्डिंग मारलं.
नवा बॉक्स आणि पंप, भंगारात निघालेल्या सुमोचे.
ब्रॅकेट तिसऱ्यांदा जमलं,
आधीच्या दोन्ही वेळा बेल्ट तिरका पळायचा
आणि नौशाद माझ्याकडं न बघता हसायचा.
लाल तेल ओतलं.
चाकं हवेतच ठेवून स्टिअरिंग
या टोकापासून त्या टोकाला, वीसदा, पंचवीसदा,
टाकीतले बुडबुडे दमेपर्यंत.

हिंदुरावांनी करंगळीनं फिरवून बघितलं.
फिरलं.
हसले नाहीत. करंगळीकडंच बघत राहिले,
कुणा पाहुण्याची असल्यासारखं.

नवव्या दिवशी परत.
चार पेट्यांतल्या चौकटी मोडल्या होत्या,
पोळी खाली बसलेली, मध फळीवर, माशा मधात.
"तीस वर्षांत असं झालं न्हाई, दस्तगीर."
मी पंप बघितला, बेल्ट बघितला, पाइपांवर बोट फिरवलं.
कोरडे.
"काम चोख हाय रं तुझं," ते म्हणाले,
"रस्ता मुका झाला."

आधी प्रत्येक दगड मनगटात यायचा,
तिथनं कोपरात, तिथनं खांद्यात,
आणि पाय आपोआप सैल व्हायचा.
"मला लागला की माशांस्नी लागत नव्हता."
मग खाली बघत,
उधार मागावं तशा आवाजात:
"थोडं जड ठेव."

आयुष्यभर लोक माझ्याकडं हलकं करून मागत आले,
क्लच, ब्रेक, बिल.
जड करून मागणारा हा पहिला.

रात्री लेथवर पितळेचा तुकडा धरला.
पंपाच्या तोंडाशी तेलाला वाट देणारं भोक असतं, चार मिलीचं.
साडेतीन केलं, तरी रस्ता गप्पच.
तीन केलं, तर पार्किंगमध्येच त्यांचं तोंड वाकडं.
मधे कुठंतरी होतं ते,
ज्या मापाचं ड्रिल मिळत नाही.
रीमर हातानं फिरवला,
फुंकर मारली, बल्बसमोर धरून डोळा लावला.
माप म्हणजे त्यांचाच खांदा.
बसवायचा, त्यांना फिरवून आणायला सांगायचं,
काढायचा, परत घासायचा.

चौथा जेट घेऊन गेले ते अर्धा तास आले नाहीत.
आले तेव्हा खांदा चोळत होते,
जरासा.
"दुखतोय?"
"एवढं दुखू दे की."

जुना बॉक्स भंगारात घालू नकोस म्हणाले,
का ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
बेंचखाली पडलाय, येता-जाता पाय लागतो.

पैसे निम्मे रोख,
निम्म्याचा मध, पाण्याच्या बाटलीत.
लाल तेलाची उरलेली बाटली त्याच फळीवर,
आणि संध्याकाळी पत्र्याच्या फटीतनं ऊन आलं की
दोन्हींत फरक राहत नाही.
काल नौशादनं बोट बुडवून चाटलं
आणि थुंकत नळाकडं पळाला.
आला, तोंड पुसलं,
बाटल्यांकडं बराच वेळ बघितलं,
मग दुसरीत बुडवलं.